हलकं किती, समतोल किती? इंजिनाचे फिरते भाग आणि 'शिल्लक' मोजण्याचा इतिहास



"फ्लायव्हील घासून हलकं कर, क्रँक बॅलन्स करून घे, मग बघ गाडी कशी पळते!" कुठल्याही गॅरेजमध्ये अर्धा तास बसलात तर हे वाक्य कानावर पडतंच. वाक्य खोटं नाही. पण तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, तर ते ऐकल्यावर तुमच्या डोक्यात चार प्रश्न यायला हवेत. किती हलकं? कुठून हलकं? किती आरपीएमला? आणि बॅलन्स झालं म्हणजे नेमकं किती उरलं?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. जगातला कुठलाही फिरणारा भाग पूर्ण समतोल नसतो. थोडं असंतुलन उरतंच. हे उरलेलं किती आहे आणि ते किती चालेल, हे आकड्यात सांगता यायला इंजिनिअरांना जवळपास शंभर वर्षं लागली. आजचा लेख त्या शंभर वर्षांबद्दल आहे. पेटच्या मुलाखतीला किंवा सिनॉप्सिस लिहायला बसताना तुम्हाला याचा उपयोग का होईल, तेही शेवटी सांगते.

आमच्याकडचं जड इंजिन

मी सिरोंचा तालुक्यातली. नकाशात बघाल तर महाराष्ट्राचं अगदी आग्नेय टोक. एका अंगाला प्राणहिता आणि गोदावरी, पलीकडे तेलंगणा, आणि इंद्रावती ओलांडली की छत्तीसगड. जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली सुमारे २०० किलोमीटरवर. अशा भागात इंजिन म्हटलं की आधी कार आठवत नाही. नदीवरून पाणी उचलणारं डिझेल इंजिन आठवतं, नाहीतर पिठाच्या चक्कीचं.

चक्कीचं जुनं संथ इंजिन तुम्ही पाहिलं असेल. एक सिलिंडर, दोन्ही बाजूंना दोन भलीमोठी लोखंडी चाकं, आणि 'टुक... टुक... टुक' असा मोजता येईल असा आवाज. या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे इंग्लंडच्या डर्सली गावातल्या लिस्टर कंपनीचं इंजिन. ते १९२९ पासून बनायला लागलं आणि त्याच्या नकला पुढे राजकोटच्या कारखान्यांनी भरपूर काढल्या. वेग मिनिटाला साधारण ६०० ते ६५० फेरे.

आता गणित करा. फोर स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. ६५० आरपीएमला मिनिटाला ३२५ स्फोट, म्हणजे सेकंदाला साडेपाचसुद्धा नाहीत. चार स्ट्रोकपैकी एकच स्ट्रोक शक्ती देतो. उरलेले तीन स्ट्रोक फ्लायव्हीलच इंजिनाला ओढून नेतं. ते हलकं केलंत तर इंजिन धडपडेल, जात्याचा वेग हलेल, दाणा अडकला की बंदच पडेल. इथे जडपणा हा दोष नाही, तीच तर सोय आहे.

म्हणजे 'हलकं चांगलं' हा नियम चक्कीपाशीच मोडला. मग कारमध्ये तो खरा का ठरतो? त्यासाठी आधी असंतुलन म्हणजे काय ते बघू.

दहा ग्रॅमची किंमत

बारावीचं सूत्र आठवा. अपकेंद्री बल = वस्तुमान × त्रिज्या × कोनीय वेगाचा वर्ग. समजा एका चाकावर मध्यापासून १० सेंटिमीटरवर १० ग्रॅम वजन जास्त आहे. दोन रुपयांची दोन नाणी समजा, त्याहून फार नाही.

६०० आरपीएमला हे दहा ग्रॅम चाकाला सुमारे ४ न्यूटन बलाने बाहेर ओढतात. म्हणजे साधारण ४०० ग्रॅम वजनाइतकं. चक्कीच्या इंजिनाला याची जाणीवही होणार नाही.

६००० आरपीएमला तेच दहा ग्रॅम सुमारे ३९५ न्यूटन बल लावतात. म्हणजे ४० किलो! आणि हे बल सेकंदाला शंभर वेळा दिशा फिरवत बेअरिंगवर आदळतं. वेग दहापट झाला, बल शंभरपट. इतिहासात बॅलन्सिंगचा प्रश्न यंत्रांचा वेग वाढला तसतसा का पेटत गेला, त्याचं कारण या एका वर्गात आहे.

यात अजून एक गाठ आहे. क्रँक फिरतो, पण पिस्टन वरखाली जातो. फिरणाऱ्या भागासमोर तेवढंच वजन लावून त्याला गप्प करता येतं. पिस्टनला तसं करता येत नाही. समोर फिरतं वजन लावलं, तर उभ्या दिशेतला धक्का कमी होतो आणि तेवढाच आडव्या दिशेत नवा तयार होतो. म्हणून एक सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनच्या वजनाचा साधारण निम्मा भाग तोलायचा आणि उरलेला सहन करायचा, अशी तडजोड करतात. असंतुलन गेलं नाही, त्याने फक्त जागा बदलली.

पहिली शाळा : रेल्वे

ही तडजोड आधी शिकली ती रेल्वेने. १८४० च्या दशकात वाफेची इंजिनं वेगाने धावू लागली, तशी ती डोलू लागली, झटके देऊ लागली. चाकांवर समतोलाची वजनं बसवायला सुरुवात झाली. फ्रेंच इंजिनिअर लुई ल शातेलिए यांनी १८४९ मध्ये धावत्या इंजिनाच्या स्थिरतेवर अभ्यास प्रसिद्ध केला आणि वजन किती व कुठे लावायचं याला हिशोबाचं रूप दिलं.

पण पिस्टनसाठी लावलेलं जादा वजन चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा खाली यायचं आणि रुळावर हातोड्यासारखं बसायचं. वेग वाढला की हा मार वेगाच्या वर्गाने वाढायचा. प्रवाशाला हादरे कमी, पण रुळाला आणि पुलाला मार जास्त. तुमच्या प्रयोगात एखादी गोष्ट 'सुधारली' असं दिसेल तेव्हा हे उदाहरण आठवा आणि विचारा, याचा मार आता कोणावर पडतोय?

रँकिन चुकले, दे लावाल यांनी फिरवून दाखवलं

आता या इतिहासातला माझा आवडता भाग. १८६९ मध्ये स्कॉटलंडचे विल्यम रँकिन यांनी फिरत्या शाफ्टवर एक लेख लिहिला. रँकिन म्हणजे थर्मोडायनॅमिक्समधलं मोठं नाव, रँकिन चक्र त्यांचंच. त्यांनी दाखवलं की शाफ्टला एक क्रांतिक वेग असतो. तिथे पोचला की तो वाकून फेर धरायला लागतो. इथपर्यंत बरोबर. पण पुढे त्यांचा निष्कर्ष असा, की त्या वेगाच्या वर शाफ्ट स्थिर फिरूच शकत नाही.

वीस वर्षांनी, १८८९ मध्ये, स्वीडनच्या गुस्ताफ दे लावाल यांनी वाफेची टर्बाइन केली. दुधातून साय वेगळी करणारं यंत्र त्यांनी बनवलं होतं, आणि ते फिरवायला वेगवान चालक हवा होता. लहान टर्बाइन मिनिटाला ३०,००० फेरे घ्यायची. त्यांनी शाफ्ट जाड आणि ताठ न करता मुद्दाम बारीक आणि लवचीक ठेवला. यंत्र क्रांतिक वेग झपकन ओलांडायचं आणि त्याच्या वर शांत फिरायचं. तिथे चाक आपल्या वस्तुमानकेंद्राभोवती फिरू लागतं, शाफ्ट थोडा वाकून त्याला वाट देतो.

सिद्धांत म्हणतोय अशक्य, आणि यंत्र तर समोर फिरतंय. जर्मनीत आउगुस्ट फोप्पल यांनी १८९५ मध्येच या कोड्याची उकल छापली होती, पण इंग्रजीत वाचणाऱ्यांचं तिच्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. १९१९ मध्ये हेन्री जेफकॉट यांनी इंग्रजीत तीच गोष्ट मांडली आणि आज आपण त्या मॉडेलला 'जेफकॉट रोटर' म्हणतो. रँकिन यांच्या मांडणीत काय राहिलं होतं? फिरत्या चौकटीतून गणित करताना कोरिऑलिस बल धरलेलं नव्हतं. एक पद सुटलं आणि पन्नास वर्षं घोळ राहिला.

यातून दोन गोष्टी घ्या. मोठ्या नावाचं विधान प्रयोगाशी जुळत नसेल, तर गृहीतकांची यादी काढून एकेक तपासा. आणि साहित्याचा आढावा एकाच भाषेत घेऊन थांबू नका.

'उरलं किती?' विचारणारं यंत्र

आतापर्यंत सगळे असंतुलन कमी करत होते. मोजायचं कसं?

सगळ्यात जुनी पद्धत तुम्ही घरी करू शकता. सायकल उलटी करा, पुढचं चाक हळूच फिरवा आणि आपोआप थांबू द्या. बेअरिंग मोकळं असेल तर जड बाजू, बहुतेक वेळा व्हॉल्व्हची, खाली येऊन थांबते. याला स्थिर संतुलन म्हणतात. फ्लायव्हीलसारख्या चपट्या चकतीला हे बऱ्यापैकी पुरतं.

क्रँकशाफ्टला पुरत नाही, कारण तो लांब असतो. समजा डाव्या टोकाला वरच्या बाजूने १० ग्रॅम जास्त आहेत आणि उजव्या टोकाला खालच्या बाजूने १० ग्रॅम. स्थिर चाचणीत दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, शाफ्ट कुठेही शांत उभा राहतो. फिरवला की मात्र दोन टोकं विरुद्ध दिशांना ओढली जातात आणि शाफ्ट डगडगतो. हे फिरवल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी दोन प्रतलांत मोजावं आणि दुरुस्त करावं लागतं. याला गतिक संतुलन म्हणतात.

बॅलन्सिंग यंत्राचं पेटंट कॅनडाच्या हेन्री मार्टिन्सन यांनी १८७० मध्येच घेतलं होतं, पण त्या काळातल्या वेगांना त्याची फारशी गरज भासली नाही. टर्बाइन आणि डायनामो आले तेव्हा गरज पेटली. १९०७ च्या सुमारास जर्मनीत फ्रान्त्स लावाचेक यांचं यंत्र आलं आणि डार्मश्टाटच्या कार्ल शेंक कंपनीने ते बनवायला घेतलं. १९३४ मध्ये अमेरिकेत थर्ल यांनी यंत्र जागेवरून न हलवता दोन प्रतलांत बॅलन्स करायची पद्धत मांडली. युक्ती साधी. एकदा तसंच फिरवा आणि कंपन मोजा. मग एका प्रतलात माहीत असलेलं वजन लावून फिरवा, मग दुसऱ्या. तीन नोंदींतून मूळ असंतुलन किती आणि कुठे ते निघतं. ही पद्धत शिकताना मला वाटलं, प्रयोगशास्त्राचं सगळं सार इथे आहे : जे माहीत नाही ते शोधायला, जे माहीत आहे ते मुद्दाम मिसळा आणि फरक वाचा.

तरी एक प्रश्न उरलाच. किती कमी झालं म्हणजे पुरे? हे ठरवायला १९६६ चं जर्मन मार्गदर्शक आणि १९७३ मध्ये आयएसओ १९४० हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्यात 'जी' नावाच्या श्रेणी आहेत. जी ६.३ म्हणजे वस्तुमानकेंद्राचं अक्षापासूनचं अंतर गुणिले कोनीय वेग, हे ६.३ मिलिमीटर प्रति सेकंद. सर्वसाधारण यंत्रांना ही श्रेणी वापरतात.

आकडे घालून बघा. ८ किलोचं फ्लायव्हील, ६००० आरपीएम, जी ६.३. वस्तुमानकेंद्र अक्षापासून ०.०१ मिलिमीटर सरकलेलं चालेल. म्हणजे १० सेंटिमीटर त्रिज्येवर फक्त ०.८ ग्रॅम शिल्लक चालेल. तेच फ्लायव्हील ६०० आरपीएमला वापरलं तर ८ ग्रॅम चालतील. वस्तू तीच, 'समतोल' या शब्दाचा अर्थ मात्र दहापट बदलला. म्हणून नुसतं 'बॅलन्स केलेलं' या विशेषणाला अर्थ नसतो. कोणत्या वेगासाठी, किती शिल्लक, हे सोबत हवं.

किर्लोस्करवाडी ते मुंढवा

आपल्याकडे ही कथा शेतातून सुरू होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर केले, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ किर्लोस्करवाडी वसवली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि तिथल्या फाउंड्रींतही ऑइल इंजिनं आणि त्यांचे सुटे भाग बनू लागले. ऊस, पाणी आणि चक्की या तिन्हींनी मिळून महाराष्ट्राला इंजिन शिकवलं.

या घराण्यातलं एक इंजिन तुमच्या ओळखीचं आहे. इंजिनावर काम केलेले भारतीय प्रबंध चाळलेत तर पुन्हा पुन्हा हाच तक्ता भेटेल : किर्लोस्कर टीव्ही १, एक सिलिंडर, फोर स्ट्रोक, ५.२ किलोवॅट, १५०० आरपीएम, बोअर ८७.५ मिलिमीटर, स्ट्रोक ११० मिलिमीटर, कनेक्टिंग रॉड २३४ मिलिमीटर. बायोडिझेलवरच्या कितीतरी प्रबंधांचं हे प्रयोगशाळेतलं इंजिन.

त्या तक्त्यावरून आपणच हिशोब करू. क्रँकची त्रिज्या ५५ मिलिमीटर. १५०० आरपीएमला त्रिज्या गुणिले कोनीय वेगाचा वर्ग येतो सुमारे १३५७ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या १३८ पट. वरखाली जाणारं वस्तुमान समजा १ किलो धरलं, तर पहिल्या क्रमाचं बल १३५७ न्यूटन. पण कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्यामुळे पिस्टनची हालचाल शुद्ध साइन तरंग नसते. त्रिज्या आणि रॉडच्या लांबीचं गुणोत्तर ०.२३५. तेवढ्या प्रमाणात दुप्पट वारंवारतेचं दुय्यम बल मिसळतं. म्हणून वरच्या टोकाला सुमारे १६७६ न्यूटन आणि खालच्या टोकाला सुमारे १०३८ न्यूटन. वर आणि खाली धक्का सारखा नाही!

इंजिनावर कंपनमापी लावणाऱ्यांनी हे गणित आधी करून ठेवावं. नाहीतर २५ हर्ट्झ आणि ५० हर्ट्झला दिसणारी शिखरं इंधनामुळे आली असा समज व्हायला वेळ लागत नाही. त्यात ५० हर्ट्झ म्हणजे आपल्या विजेचीही वारंवारता, तेव्हा गोंधळ दुप्पट.

कार आपल्याकडे आली ती मुंबईत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात फिॲट ११०० बनायला लागली आणि पुढे तीच पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने तिला घराघरात नेलं. १०८९ सीसी, ओळीत चार सिलिंडर. चार सिलिंडरमध्ये दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, त्यामुळे पहिल्या क्रमाची बलं एकमेकांना पूर्ण तोलतात. दुय्यम बलं मात्र चारही एकाच दिशेला येतात आणि त्यांची बेरीज होते. इंग्लंडचे फ्रेडरिक लँचेस्टर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच यावर तोड काढली होती : दुप्पट वेगाने विरुद्ध दिशांना फिरणारे दोन समतोल शाफ्ट. पण जादा शाफ्ट म्हणजे जादा खर्च, जादा घर्षण. छोट्या गाड्यांनी रबरी माउंटिंगवर भागवलं. जपानच्या मित्सुबिशीने १९७० च्या दशकात ती कल्पना पुन्हा बाहेर काढली. इथेही तेच. शिल्लक होती, फक्त ती कोणी सोसायची हे ठरवलं गेलं.

आणि क्रँक? नीळकंठराव कल्याणी यांनी १९६१ मध्ये स्थापन केलेली, पुण्याच्या मुंढव्याची भारत फोर्ज आज जगभरच्या गाड्यांसाठी घडीव क्रँकशाफ्ट करते. लालभडक पोलाद साच्यात दाबून क्रँकचा आकार येतो, मग मशिनिंग आणि शेवटी बॅलन्सिंग. एखाद्या भंगारवाल्याकडे किंवा गॅरेजमध्ये जुना क्रँक दिसला तर त्याच्या काउंटरवेटवर बघा. काही गोल भोकं दिसतील, कमी-जास्त खोलीची. बॅलन्सिंग यंत्राने सांगितलं 'इथे इतके ग्रॅम जास्त', आणि ड्रिलने तेवढंच काढलं. प्रत्येक क्रँकची भोकं वेगळी, कारण प्रत्येकाची चूक वेगळी.

आता फ्लायव्हील हलकं करू

एवढ्या तयारीनंतर गॅरेजमधल्या वाक्याकडे परत येऊ. फ्लायव्हीलचं वजन दोनदा मोजलं जातं. एकदा गाडीबरोबर पुढे न्यायचं वजन म्हणून आणि एकदा फिरवायचं जडत्व आघूर्ण म्हणून. दुसरा हिशोब गिअरवर अवलंबून असतो.

समजा फ्लायव्हीलच्या कडेकडून, सरासरी १२ सेंटिमीटर त्रिज्येवरून, २ किलो लोखंड लेथवर उतरवलं. पहिल्या गिअरमध्ये इंजिन ते चाक एकूण गुणोत्तर १४, चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर. जडत्व आघूर्णातली घट ०.०२८८ किलोग्रॅम मीटर वर्ग. तिला गुणोत्तर भागिले त्रिज्या, म्हणजे ५०, याच्या वर्गाने गुणा. उत्तर ७२ किलो! वेग घेताना गाडीला जणू ७२ किलोचा एक माणूस उतरल्यासारखं वाटेल.

टॉप गिअरमध्ये गुणोत्तर ४ धरा. तेच उत्तर ६ किलोच्याही आत येतं. ९०० किलोच्या गाडीत पहिल्याला ८ टक्के आणि टॉपला एक टक्काही नाही. आणि तेच २ किलो कडेऐवजी मध्याजवळून, ४ सेंटिमीटरवरून काढले असते, तर पहिल्या गिअरमध्येही फक्त ८ किलोचा फायदा. म्हणून 'किती हलकं' याआधी 'कुठून हलकं' हे विचारायचं.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. इंजिनाची शक्ती यात वाढलेली नाही. कमाल वेगही वाढत नाही. फक्त वेग घेणं सोपं झालं. आणि इथे मापनाचा एक सापळा आहे. काही डायनमोमीटर जड रोलर किती लवकर वेग घेतो यावरून शक्ती काढतात. फ्लायव्हील हलकं केलं की रोलर लवकर वेग घेतो आणि यंत्र 'शक्ती वाढली' असं छापून देतं. स्थिर वेगाला भार लावून मोजलं तर वाढ शून्य. यंत्र खोटं बोलत नाही, आपण त्याला काय विचारलं ते आपल्याला कळलेलं नसतं. तुमच्या विषयातलं उपकरण नेमकं काय मोजतं आणि काय गृहीत धरतं, हे पहिल्या महिन्यात शोधून काढा.

पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडचं काम वेगळं आहे. चांगला मिस्त्री चारही पिस्टन काट्यावर ठेवतो, सगळ्यात हलका शोधतो आणि बाकीचे तीन त्याच्या वजनाला आणतो. रॉडची मोठी आणि छोटी टोकं वेगवेगळी तोलतो, कारण मोठं टोक क्रँकबरोबर फिरतं आणि छोटं पिस्टनबरोबर वरखाली जातं. लोखंड घासतो तेही ताण कमी असेल तिथूनच. एकूण वजन सारखं पण वाटणी वेगळी, असे चार रॉड 'सारखे' नसतात.

जिथे हे खेळ राहत नाही

हलकं करण्याची किंमतही आहे. इंजिन आयडलला थरथरतं, चढावर गाडी सोडताना बंद पडतं. पण खरी किंमत वेगळीच आहे.

फिरत्या कड्यातला ताण = घनता × कडेच्या वेगाचा वर्ग. कडं जाड आहे की पातळ, याला या सूत्रात जागाच नाही. चक्कीचं ६० सेंटिमीटर व्यासाचं चाक ६५० आरपीएमला फिरतं तेव्हा कडेचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर आणि ताण सुमारे ३ मेगापास्कल. कारचं २८ सेंटिमीटरचं फ्लायव्हील ६००० आरपीएमला सेकंदाला ८८ मीटर जातं आणि हेच सूत्र सुमारे ५६ मेगापास्कल देतं. लहान चाक, पण ताण अठरापट. आता त्यात ओतीव लोखंड, आत एखादा पोकळा, आणि वरून कोणी अंदाजाने लेथ लावून मधला पडदा पातळ केलेला. ओतीव लोखंड आधी वाकून सूचना देत नाही, एकदम फुटतं. आणि फ्लायव्हील असतं ते चालकाच्या पायांच्या रेषेत.

फिरता भाग फुटला की काय होतं, हे अमेरिकेच्या ड्रॅग शर्यतींनी पाहिलं आहे. मार्च १९७० मध्ये डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचा गिअरबॉक्स सुरुवातीच्या रेषेवरच फुटला आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. त्यानंतर त्यांनी इंजिन चालकाच्या मागे बसवलेली गाडी बांधली, आणि तो आराखडा पुढे रूढ झाला. तेव्हा लेथवर 'थोडं उतरव' म्हणण्याआधी धातू कोणता, वेग किती, उरलेली जाडी किती, हे विचारा. उतरवल्यावर पुन्हा बॅलन्स करणं तर आलंच. ते न करता हलकं केलेलं चाक जडपेक्षा वाईट.

तुमच्यासाठी

सिनॉप्सिसमध्ये आपण सगळे 'कंपन कमी करणे', 'कार्यक्षमता वाढवणे' असं लिहितो. इंजिनाच्या इतिहासाने शिकवलेली गोष्ट अशी, की उद्दिष्टाच्या शेजारी शिल्लक लिहायची. किती कमी करणार, कोणत्या स्थितीत, आणि किती उरलं तर काम पुरं झालं असं म्हणणार. हे आधी ठरवलं नाही तर तिसऱ्या वर्षीही आपण घासतच बसतो.

या आठवड्यात तीन कामं करून बघा.

१. सायकलच्या चाकाची जड बाजू शोधा. समोरच्या बाजूला तारेचे वेढे लावत जा आणि चाक कुठेही थांबेल असं करा. मग तार काढून तोला. तुम्ही एक असंतुलन मोजलेलं असेल.

२. तुमच्या विभागात किर्लोस्करचं इंजिन असेल तर त्याचा तक्ता घ्या आणि पहिल्या व दुय्यम बलाचा हिशोब करा. वरखाली जाणारं वस्तुमान तक्त्यात सहसा नसतं. ते कसं मिळवाल याचा विचार करा, तोच खरा प्रश्न आहे.

३. तुमच्या विषयातलं एक विधान निवडा ज्यात 'चांगलं', 'जास्त' किंवा 'संतुलित' असा शब्द आहे. त्याच्यासमोर एकक आणि मर्यादा लिहून बघा. लिहिता आलं नाही, तर कदाचित तुम्हाला तुमचा संशोधनप्रश्न सापडला आहे.

पुढच्या लेखात कंपनमापीच्या नोंदीतून वारंवारता कशा वेगळ्या करायच्या, म्हणजे फूरिए रूपांतर, ते चक्कीच्या इंजिनाचा आवाज घेऊन बघू. मोबाइलवर रेकॉर्ड केला तरी पुरतो. आसपास संथ इंजिन सुरू असेल तर एक मिनिटाचा आवाज आत्ताच घेऊन ठेवा.